अधिवृक्क व जनन विकार, आनुवंशिक
मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि वृषण वा अंडाशय या जनन ग्रंथी यांच्या घडणीत किंवा कार्यात जनुकांतील दोषांमुळे जन्मतःच उत्पन्न होणाऱ्या विकारांचा हा गट होय. या दोन ग्रंथींचे विकार पुष्कळदा एकत्र आढळतात, याचे कारण त्यांच्या उगमात आहे. गर्भात अधिवृक्क बाह्यक (ग्रंथीचा बाहेरचा थर) व जनन ग्रंथी शेजारशेजारच्या ऊतकापासून तयार होतात. दोन्हींचा कच्चा माल कोलेस्टेरॉल हाच असतो आणि त्यापासून हॉर्मोने बनविणारी काही एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) दोन्हींत समान असतात.

या विकारांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी. तिचे पहिले सविस्तर वर्णन नेपल्स येथील शारीरविज्ञ लुईजी दे क्रेक्क्यो यांनी १८६५ मध्ये केले. जुझेप्पे मार्झो या नावाने पुरुष म्हणून आयुष्य घालविलेल्या एका व्यक्तीचे शवविच्छेदन करताना त्यांना गर्भाशय, अंडवाहिन्या व अंडाशय आढळले आणि अधिवृक्क ग्रंथी फारच मोठ्या दिसल्या. जन्मनोंद मुलीची होती; चौथ्या वर्षी ती मुलाची करण्यात आली. वारंवार उलट्या व ग्लानी येऊन मृत्यू ओढवला होता. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यास काय होते, हे टॉमस ॲडिसन यांनी त्याआधी दहाच वर्षे, १८५५ मध्ये, दाखविले होते. परंतु मोठी झालेली ग्रंथीही कार्यात अपुरी असू शकते, ही गोष्ट उमगण्यास पुढे जवळजवळ शतक लागले.

हे कोडे असे आहे. कॉर्टिसॉल तयार करण्याच्या साखळीतील एखादे एंझाइम सदोष असल्यास कॉर्टिसॉल पुरेसे बनत नाही. ते वाढावे म्हणून पोष ग्रंथी अधिवृक्काला सतत उत्तेजित करीत राहते. ग्रंथी वाढते, पण वाट अडलेली असल्याने साठलेला माल दुसऱ्या वाटेने पुरुषी हॉर्मोनांकडे वळतो. त्यामुळे मुलीच्या गर्भात अंडाशय व गर्भाशय प्राकृत असूनही बाह्य जननेंद्रिये मुलासारखी दिसू लागतात. मीठ राखून ठेवणारे अल्डोस्टेरोन हॉर्मोनही कमी पडले, तर जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजनातील घट आणि रक्तातील सोडियमाची कमतरता होऊन बालक दगावते. मुलींच्या बाबतीत बाह्य लक्षणांमुळे शंका तरी येते. मुलगा मात्र वरकरणी निकोप दिसतो व त्याचा मृत्यू जुलाब-उलट्यांच्या किंवा जंतुसंसर्गाच्या खात्यावर जमा होतो. चाळणी परीक्षा नसलेल्या प्रदेशांत मुलग्यांची नोंद मुलींहून कमी आढळते. विकार दोघांना सारखाच होत असल्याने ही तूट म्हणजे न ओळखलेल्या मृत्यूंची खूणच मानली पाहिजे.

१९५० मध्ये बॉल्टिमोर येथे लॉसन विल्किन्झ आणि बॉस्टन येथे फ्रेडरिक बार्टर व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे कॉर्टिसोन देऊन हे दुष्टचक्र थांबविले. १९५६ मध्ये बार्टन चाइल्ड्झ, मेल्व्हिन ग्रमबाख व जडसन व्हॅन वाइक यांनी हा विकार अप्रभावी आनुवंशिकतेने येतो, म्हणजे आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो प्रकट होतो, हे कुटुंबांच्या अभ्यासातून मांडले. त्याच वर्षी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय मराठवाडाभर ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते.

दहांपैकी नऊंहून अधिक रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम सदोष असते. त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असल्याचे १९७७ मध्ये निश्चित झाले आणि १९८४ मध्ये ते वेगळे काढण्यात आले. त्याच्या शेजारीच त्याच्यासारखे दिसणारे एक निष्क्रिय जनुक असते व त्यातील चुका खऱ्या जनुकात उतरतात. बहुसंख्य उत्परिवर्तनांचे मूळ या विचित्र शेजारात आहे. सौम्य प्रकारात जन्मतः काहीच दिसत नाही. तरुणपणी अनियमित पाळी, अंगावर दाट केस व वंध्यत्व अशी लक्षणे उद्‌भवतात आणि अंडाशयातील बहुग्रंथिल विकार समजून उपचार होण्याचा संभव असतो.

काही जनुके एंझाइमे न बनविता खुद्द ग्रंथीच घडवितात. १९९२ मध्ये कीथ पार्कर व केनिचिरो मोरोहाशी यांच्या प्रयोगशाळांनी शोधलेला एसएफ-१ हा घटक उंदरातून काढून टाकला असता अधिवृक्क व जनन ग्रंथी दोन्ही तयारच होत नाहीत, असे दिसून आले. १९९४ मध्ये एक्स गुणसूत्रावरील डॅक्स-१ हे जनुक सापडले. ते सदोष असल्यास मुलाची अधिवृक्क ग्रंथी बाल्यात निकामी होते व पुढे तो वयात येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला विवाहरीतीचा संदर्भ आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल येथील अनेक जातींत मान्य आहे. इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात (१९५३) तिचा विचार केला आहे. अशा दांपत्याच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळांत एक असते. दहा हजारांत एक या प्रमाणात आढळणाऱ्या अप्रभावी विकाराची शक्यता त्यामुळे सु. सातपट होते. तरीही ती हजारात एकापेक्षा कमीच राहते, म्हणून अशा सर्व विवाहांविषयी भीती बाळगणे योग्य नव्हे. मात्र घरात पूर्वी असे मूल झाले असल्यास सल्ला अवश्य घ्यावा, कारण पुढील प्रत्येक खेपेस चारांत एक धोका असतो. अशा वेळी दोष सुनेच्या माथी मारला जातो. वस्तुतः अप्रभावी विकारात दोन्ही घराण्यांचा वाटा सारखाच असतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे १,०४,०६६ नवजात बालके तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५,७६२ बालकांत एक असे प्रमाण आढळले. चेन्नईत ते २,०३६ मध्ये एक, तर मुंबईत ९,९८३ मध्ये एक होते. बाधित बालके एकूण अठराच भरत असल्याने शहराशहरांतील ही तफावत जपून वाचावी. मराठवाड्यातील एकही शहर या पाहणीत नव्हते. गोव्याने मात्र २००८ मध्येच शासकीय रुग्णालयांत नवजात बालकांची चाळणी परीक्षा सुरू केली होती. परीक्षा सोपी आहे : टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून त्यातील १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन मोजतात.

उपचार आजन्म चालतात. हायड्रोकॉर्टिसोन व, मीठ वाया जात असल्यास, फ्लूड्रोकॉर्टिसोन देतात. तान्ह्या मुलांना वरून मीठही द्यावे लागते. जननेंद्रियांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करावी काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ मधील निर्णयानंतर तमिळनाडू शासनाने, जिवाला धोका नसताना, उभयलिंगी बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. ताप, अपघात वा शस्त्रक्रिया यांच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनाची मात्रा दोन ते तीन पट करावी लागते आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर ते टोचून द्यावे लागते. गावात औषध मिळत नसल्यास पालकांनी त्याची कुपी घरी बाळगावी.