घुमटदार पिस्टनचं कूळ

जुन्या बुलेटला हाय कॉम्प्रेशन पिस्टन बसवायचा तर आधी पेट्रोलचा इतिहास पाहावा. अकोल्यात तर नक्कीच; तिथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो.

मिश्रण जास्त दाबलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते. पण दाबाने ते तापतंही, आणि ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. घाटात ऐकू येणारी खडखड ती हीच. हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर दाखवलं की दाब कुठवर न्यायचा हे इंधन ठरवतं. १९२१मध्ये अमेरिकेत थॉमस मिज्लीने पेट्रोलमध्ये शिसं घालून ही मर्यादा वाढवली. ते विषारी पेट्रोल भारतात २०००पर्यंत विकलं गेलं.

शर्यतवाल्यांची वाट वेगळी होती. ३० जून १९३७ला इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर वॉल हँडलीने बीएसए एम्पायर स्टार ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने पळवली, ती अल्कोहोलवर, सुमारे १३:१ कॉम्प्रेशन ठेवून. त्याला मिळालेल्या सोनेरी ताऱ्याच्या बिल्ल्यावरून पुढे 'गोल्ड स्टार' मॉडेल आलं.

दुसऱ्या महायुद्धानंतरची बुलेट जन्मली गरिबीत. तेव्हा १९५३पर्यंत ब्रिटनमध्ये सरकारी 'पूल' पेट्रोलच मिळे, तेही कमी ऑक्टेनचं, म्हणजे लवकर आपोआप भडकणारं. इंजिनं त्याच्या बेतानेच बांधली जात. तीच बुलेट १९५०च्या दशकात मद्रासला आली: ७० मिमी बोर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. कॉम्प्रेशन साडेसहावरून साडेआठवर न्यायचं तर पिस्टनच्या वरची ६३ सीसी जागा ४६वर आणावी लागते. मधले १७ सीसी पिस्टनचा घुमट खातो. फायदा कागदावर ९ टक्क्यांच्या आसपास, रस्त्यावर त्याहून कमी.

आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा चढ म्हणजे तापलेली हवा, बिडाचं सिलिंडर, जड गिअर, पूर्ण थ्रॉटल. खडखडीला आणखी काय हवं? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं, सुमारे ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, म्हणजे हँडलीचं अल्कोहोल थोडंसं आपल्या टाकीत आलंच. मात्र त्याने मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरला थोडा मोठा जेट लागतो.

माझं मत विचाराल तर वऱ्हाडात आठच्या पुढे जाऊ नये. हेड कायमचं बंद करण्याआधी घुमटावर खेळण्यातल्या मातीची गोळी ठेवा, हेड तात्पुरतं बसवून इंजिन हाताने फिरवा, आणि व्हॉल्व्हपाशी मातीची जाडी किती उरते ते मोजा. मग ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्या.