शिंदीच्या पानाचा क्रूस

1890 मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलवलं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची बालोद्यान पद्धत रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकल्या होत्या. पुस्तकाआधी हाताला काम द्यायचं, हा त्या पद्धतीचा गाभा: कागदाच्या पट्ट्या विणणं, घड्या घालणं, माती वळणं.

शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हतं, हे सांगायलाच हवं. पण फ्रोबेलची रीत त्याच सुमारास देशोदेशींच्या चर्चच्या रविवारच्या शाळांत शिरत होती. रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये ग्लॉस्टरला गरीब मुलांसाठी अशी शाळा काढली, तेव्हा भर वाचनावर आणि पाठांतरावर होता. शंभरेक वर्षांनी तिथे कात्री आणि खळ आली.

ईस्टरच्या आधीच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी मुलांच्या हाती पान देण्याची चाल मात्र फार जुनी. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमची यात्रा केलेल्या एजेरियाने तिथली त्या दिवसाची मिरवणूक लिहून ठेवली आहे. तीत कडेवरच्या लेकरांच्याही हातात खजुरीच्या नाहीतर ऑलिव्हच्या फांद्या होत्या!

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या माळांवर खजूर नसली तरी तिची सख्खी बहीण शिंदी आहे. ज्याच्या पानांची केरसुणी करतात तेच हे झाड. देठाजवळचे काटे सुईसारखे टोचतात, म्हणून झावळी मोठ्यांनीच तोडायची. ताजं पान लवचिक असतं. एक पान उभं धरायचं, दुसरं अर्धं करून आडवं ठेवायचं आणि तिसऱ्याची बारीक पट्टी चिरून मधोमध तिरपी गुंडाळली, की क्रूस तयार. पट्टी ओढून बसवताना लहान बोटांची खरी कसोटी लागते. कॅथलिक घरांत आशीर्वादित पान वर्षभर जपतात आणि पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारसाठी तेच जाळून राख करतात.

चॉकलेटची अंडी आणि छापील चित्रं आता दुकानात तयार मिळतात. त्यांत मुलांच्या हाताला काही करायला उरत नाही. रविवारचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी येत्या झावळ्यांच्या रविवारी रंगीत कागदाआधी शिंदीकडे वळावं. एका झाडाची एखादीच झावळी घ्यावी, कोवळा शेंडा अजिबात तोडू नये.