बीडीएसएम : प्राथमिक सुरक्षितता

प्रौढांनी परस्परसंमतीने बांधणे, ताबा देणे-घेणे किंवा वेदना यांतून साधलेला कामव्यवहार. २०२२ पासून लागू असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तो आजार मानलेला नाही. धोका मात्र खरा आहे. ‘कर्तरी’ प्रहाराने कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवतीचा जीव गेल्याचे वात्स्यायन कामसूत्रात सांगतो आणि असे प्रहार टाळायला बजावतो.

नवख्याने सुरुवात बोलण्यापासून करावी: काय चालेल, काय मुळीच नाही, जुने दुखणे कोणते. थांबण्याचा एक शब्द ठरवावा. बोलता येणार नसेल तर हातातली वस्तू खाली टाकणे ही खूण. तो शब्द आला की तत्क्षणी थांबायचे, कारण विचारायचे नाही. गळा आवळण्याची सुरक्षित पद्धतच नाही. बांधलेल्याला क्षणभरही एकटे सोडू नये, कात्री हाताशी ठेवावी. मुंग्या वा बधिरपणा आला की लगेच मोकळे करावे. दारू पिऊन काहीही करू नये.

ठाणे-डोंबिवलीच्या दाटीवाटीच्या घरांत एकांत दुर्मीळ, म्हणून अनोळखी खोलीवर जाण्याची घाई होते. पहिली भेट तलावपाळी किंवा फडके रोडसारख्या वर्दळीच्या जागीच व्हावी आणि विश्वासातल्या कुणाला तरी ती ठाऊक असावी.

भारतीय न्याय संहितेचे कलम २५ अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीला मर्यादित मान्यता देते. मृत्यू वा जबर दुखापतीचा हेतू किंवा जाणीव असेल तर हे संरक्षण मिळत नाही. बळजबरी झाल्यास ११२ वर मदत मागता येते.