थीम पार्कच्या जागेविषयीच्या वदंता (चंद्रपूर व गडचिरोली)

थीम पार्कच्या जागेविषयीच्या वदंता म्हणजे एखादे मनोरंजन उद्यान, प्राणी सफारी किंवा तत्सम पर्यटन प्रकल्प नेमका कोठे उभा राहणार हे अधिकृतपणे ठरण्यापूर्वी लोकांत पसरणाऱ्या अपुष्ट वार्ता होत. अशा वार्ता जगभर आढळतात. तथापि महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्यांचे परिणाम अधिक गंभीर ठरू शकतात. येथील बराच भूभाग वनक्षेत्रात मोडतो आणि उरलेल्या जमिनीवर प्रामुख्याने लहान शेतकरी व आदिवासी कुटुंबे उपजीविका करतात. वार्ता पुढे खोटी ठरली तरी तिच्या भरवशावर झालेले खरेदीखत खोटे ठरत नाही; गेलेली जमीन सहसा परत मिळत नाही.

संज्ञा

मराठीत अपुष्ट वार्तेसाठी अनेक शब्द रूढ असून त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. ‘वदंता’ हा शब्द संस्कृत ‘वद्’ म्हणजे बोलणे या धातूशी संबंधित आहे. लोक बोलतात एवढेच त्यातून सूचित होते. ‘अफवा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला असून मूळ शब्दाचा अर्थ ‘तोंडे’ असा आहे. ‘आवई’ अचानक उठते व भीती निर्माण करते. ‘कंडी’ मात्र पिकवली जाते, म्हणजे ती पसरवणाऱ्याचा काही हेतू असतो. जागेविषयीच्या वार्तांत या सर्व छटा आढळतात. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण अशा प्रसंगाला लागू पडते.

थीम पार्क म्हणजे एका विशिष्ट कल्पनेभोवती रचलेले मनोरंजन उद्यान. मुंबईजवळ गोराई येथील एस्सेलवर्ल्ड (१९८९) आणि रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचे इमॅजिका (२०१३) ही महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे होत. विदर्भात हा शब्द सैलपणे वापरला जातो. व्याघ्र सफारी, वनस्पती उद्यान, जीवाश्म उद्यान आणि मोठी विश्रामसंकुले यांची चर्चाही त्यात मिसळते.

भौगोलिक पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनांखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान (१९५५) आहे. त्याला अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांलगतच्या गावांत पर्यटनामुळे जमिनीला मागणी आली. दुसरीकडे, गाभा क्षेत्रातील नवेगाव (रामदेगी), जामणी आदी गावांचे पुनर्वसन झाले. पर्यटनातून मिळणारा पैसा आणि व्याघ्र प्रकल्पासाठी होणारे स्थलांतर, या दोन्ही गोष्टी लोकांनी जवळून पाहिल्या आहेत. त्यामुळे नव्या उद्यानाचे नाव निघाले की काहींना आशा वाटते, तर काहींना धास्ती.

नागपूर येथील गोरेवाडा प्राणी उद्यानातील भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. बल्लारपूरजवळ विसापूर येथे वनस्पती उद्यान विकसित करण्यात आले. असे काही प्रकल्प प्रत्यक्षात उतरल्यामुळे पुढील प्रकल्पाविषयीच्या वार्तेलाही विश्वासार्हता लाभते.

वदंता निर्माण होण्याची कारणे

सार्वजनिक प्रकल्प साधारणतः घोषणा, स्थळपाहणी, प्रस्ताव, विविध परवानग्या आणि अधिसूचना अशा टप्प्यांतून जातो. घोषणा जाहीर सभेत होते, परंतु पाहणीचे अहवाल गावापर्यंत क्वचितच पोहोचतात. दोन टप्प्यांमधील ही पोकळी तर्काने भरून काढली जाते. रस्ता, वीजवाहिनी किंवा खाणीसाठी मोजणी करणारे पथक दिसले तरी ते उद्यानासाठीच आले असावे, असा समज होतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा गडचिरोलीच्या दिशेने प्रस्तावित विस्तार आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज यांमुळे या भागात मोजणी व पाहणी नवी राहिलेली नाही.

दुसरे कारण आर्थिक हितसंबंधाचे आहे. जमिनीच्या मध्यस्थाला वार्ता खरी असण्याची गरज नसते. इसार घेईपर्यंत ती टिकली तरी त्याचे काम भागते. तो कधी जागा ‘आतल्या गोटातून’ कळल्याचे सांगून भाव चढवतो, तर कधी ‘सरकार जमीन घेणारच आहे’ अशी भीती घालून भाव पाडतो. विकत घेणाऱ्याला आशा आणि विकणाऱ्याला धास्ती दाखवली, की एकच वार्ता दोन्हीकडे उपयोगी पडते.

गुप्ततेलाही कधी व्यावहारिक कारण असते. जागा आधी जाहीर केल्यास भाव वाढतात, म्हणून खरेदीदार नाव लपवतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घडले. वॉल्ट डिस्नी यांच्या कंपनीने १९६४-६५ मध्ये ऑरलँडो शहराजवळ वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. खरेदीदार मोटार कंपनी असावी, विमानांचा कारखाना असावा, असे अनेक तर्क तेथे लढवले गेले. अखेर २४ ऑक्टोबर १९६५ रोजी तेथील ‘ऑरलँडो सेंटिनेल’ या वृत्तपत्राने डिस्नीचे नाव छापले आणि जमिनीचे भाव कित्येक पटींनी वाढले. आधी विकून मोकळ्या झालेल्या मालकांना त्या वाढीचा लाभ मिळाला नाही.

जमिनीचे प्रकार व कायदेशीर स्थिती

वदंतेत ‘सरकारची पडीक जागा’ असा उल्लेख वारंवार येतो. प्रत्यक्षात या दोन जिल्ह्यांतील जमिनीचे अनेक प्रकार असून प्रत्येकाचे नियम निराळे आहेत.

वनजमीन: वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमिनीचा वनेतर वापर करण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. २०२३ च्या दुरुस्तीने शासकीय प्राणिसंग्रहालये व सफारी यांना संरक्षित क्षेत्राबाहेरील वनांत काही सूट दिली. परंतु १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाद्वारे सर्वोच्च न्यायालयाने वनजमिनीवरील अशा प्रस्तावांना आपली पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली.

झुडपी जंगल: ही नोंद पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात आढळते. खुरटी झाडे पाहून ही जमीन मोकळी समजली जाते. मात्र २२ मे २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल जमिनी वन म्हणूनच गणल्या जातील असे स्पष्ट केले.

सामूहिक वनहक्काची जमीन: वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला व ते देशातील आरंभीच्या गावांपैकी एक ठरले. याच अधिनियमात शाळा, दवाखाना, रस्ता, पिण्याचे पाणी अशा १३ सुविधांसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची तरतूद आहे. त्या यादीत मनोरंजन उद्यान नाही.

आदिवासींची शेतजमीन: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. केवळ इसारपावतीने असा व्यवहार वैध होत नाही. गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूरमधील राजुरा परिसराचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा अधिनियम, १९९६ व राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात. भूसंपादनासाठी २०१३ च्या कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती अपेक्षित आहे.

उदाहरणे

सी-वर्ल्ड, सिंधुदुर्ग: मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात सागरी थीम पार्क उभारण्याचा प्रस्ताव २०१० नंतरच्या दशकात गाजला. आरंभी सुमारे १,३९० एकर जमिनीची चर्चा होती. स्थानिक विरोधानंतर ती सुमारे ३५० एकरांपर्यंत खाली आली. उद्यान प्रत्यक्षात उभे राहिले नाही. नेमकी कोणाची जमीन जाणार, हा प्रश्न मात्र त्या गावांत दीर्घकाळ रेंगाळत राहिला.

कमलापूरचे हत्ती, गडचिरोली: अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तेथील हत्ती गुजरातमधील जामनगरच्या खाजगी संस्थेकडे जाणार, ही वार्ता २०२२ च्या सुमारास पसरली व जिल्ह्यात विरोध सुरू झाला. ही वार्ता निराधार नव्हती. ताडोबा व पातानील येथील हत्ती त्याच वर्षी जामनगरला हलवण्यात आले. कमलापूरचे हत्ती मात्र तेथेच राहिले. सर्वच वदंता खोट्या नसतात आणि वेळेवर विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग होऊ शकतो, हे या प्रकरणातून दिसते.

वडधम, गडचिरोली: सिरोंचा तालुक्यातील वडधम परिसरात अश्मीभूत वृक्षांचे अवशेष आढळतात व तेथील जीवाश्म उद्यानाची चर्चा नेहमी होते. याच तालुक्यातील कोटा गावावरून भूशास्त्रातील ‘कोटा प्रस्तर’ हे नाव पडले आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील या खडकांतून मिळालेल्या ‘बारापासॉरस टागोरी’ या महाकाय डायनासोरचे नामकरण १९७५ मध्ये झाले. त्याचा सांगाडा कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. येथे जागेचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. कृत्रिम डायनासोर कोठेही उभे करता येतात, परंतु जीवाश्मांचे मोल ते ज्या थरात सापडतात त्या थराशी निगडित असते. जागेविषयीच्या गवगव्याने लोक नमुने उचलून नेऊ लागले, तर उद्यान होण्याआधीच त्याचा आधार नष्ट होण्याचा धोका असतो.

परिणाम

वदंतेचा पहिला फटका लहान जमीनधारकाला बसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना लगतच्या तीन वर्षांतील नोंदणीकृत विक्रीव्यवहार विचारात घेतले जातात. ग्रामीण भागात त्या भावाला गुणक लावून वर १०० टक्के दिलासा रक्कम देय असते. वार्ता ऐकून आधीच जमीन विकणारा शेतकरी या मोबदल्याला मुकतो आणि तो नव्या मालकाला मिळतो. उलट, प्रकल्प न आल्यास चढ्या भावाने जमीन घेणाऱ्याचे पैसे अडकून पडतात.

दुसरा परिणाम अनिश्चिततेचा आहे. गाव उठणार असे ऐकल्यावर घराची दुरुस्ती, विहीर किंवा फळबाग यांवरील खर्च लांबणीवर टाकण्याकडे कल होतो. तिसरा परिणाम विश्वासाशी संबंधित आहे. वारंवार पोकळ ठरलेल्या वार्तांमुळे खरी जाहीर सूचनाही दुर्लक्षित राहण्याचा आणि हरकतीची मुदत उलटून जाण्याचा संभव असतो.

पडताळणीची साधने

जागेविषयीच्या वार्तेची शहानिशा करण्यासाठी काही सार्वजनिक अभिलेख उपलब्ध आहेत. सातबारा उताऱ्यावरून जमिनीचा प्रकार व धारक कळतो. ‘आपली चावडी’ या शासकीय संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा पाहता येतात. एखाद्या गावात अल्पावधीत खरेदीचे व्यवहार वाढल्यास ते त्यातून लक्षात येते. वन व पर्यावरणविषयक परवानगीचे अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदवले जातात. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते आणि ग्रामपंचायतीतही लावली जाते. तिच्यानंतर त्या जमिनीचे व्यवहार करण्यावर निर्बंध येतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मोजणीचा हेतूही लेखी विचारता येतो.

ग्रामसभा ही यांतील सर्वांत जवळची व्यवस्था होय. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी तिच्यापुढे प्रस्ताव यावा लागतो. तो आला नसेल, तर संबंधित जागा ‘ठरली’ असे म्हणण्यास कायदेशीर आधार राहत नाही.