देवळालीचा ताप

मी पुलगावचा, जिल्हा वर्धा. नोकरी मुंबईला. त्यामुळे गाडीत नाशिकरोडनंतर देवळाली आली, की "ऊठ, आता घाट येणार" एवढाच तिचा माझ्याशी संबंध.

परवा कॉलवर लंडनचा एक सहकारी वैतागून म्हणाला, "सर्व्हर डूलॅली झालाय." म्हणजे वेडा झालाय. शोधलं तर काय, डूलॅली म्हणजे आपली देवळाली! मूळ शब्द 'डूलॅली टॅप', आणि टॅप म्हणजे चक्क ताप.

झालं असं, की एकोणिसाव्या शतकात मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत बसायचे. बोटी हिवाळ्याच्या मोसमातच. ती चुकली की महिनोन्‌महिने ऊन, मलेरिया आणि शून्य काम. आपण दोन महिने बेंचवर बसलो तर काय होतं ते आठवा!

दुसऱ्या महायुद्धात इथे तोफखान्यातल्या शिपायांचीच नाटकमंडळी होती. गाणी, विनोदी प्रवेश, बायकांची कामं करणारी पोरं. (आपल्याकडे बालगंधर्वांनी ते गांभीर्याने केलं, इथे हशा पिकवायला.) त्या मंडळीतल्या जिमी पेरीने पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका लिहिली. १९७४ ते १९८१, एकूण ५६ भाग. काळ १९४५चा. सार्जंट मेजरला ही नाचरी पोरं आघाडीवर धाडायचीत, आणि पोरांचा जीव त्या नाचगाण्यावरच तगून आहे. नाच थांबला की ब्रह्मदेशाचं जंगल!

काही भाग बघितले. हसलो, मग जरा खटकलं. रंगी राम हा बेअरर रंगवलाय मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंडाला काळा रंग फासून. गडी जन्मला मात्र झाशीत!

गंमत बघा. याच रेल्वेलाइनवर, वर्ध्यात, १४ जुलै १९४२ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी जावं असा ठराव केला. आपल्याला ते जायला हवे होते, आणि त्या पोरांनाही घरीच जायचं होतं.

आणि आपले शिपाई? ते तर २० लाखांहून जास्त. त्यांच्यासाठीही 'फौजी दिलखुश सभा'चे कार्यक्रम व्हायचे. पण त्यांच्यातल्या कुणा जिमी पेरीची मालिका मी तरी पाहिलेली नाही.

असो. तुमच्या घरातलं कुणी त्या युद्धात होतं का? छावणीत ते काय ऐकून हसायचे, कुणाला आठवत असेल तर विचारून ठेवा.