काचपात्रातील शेवाळ आणि दोन सोनेरी मासे

पाणी न बदलता काचपात्रात मासे जगतील काय? लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. सुमारे १२ गॅलनच्या पात्रात वाळू-माती पसरून त्यांनी वॅलिस्नेरिया लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले. वनस्पती प्राणवायू पुरवीत होती. परंतु तिचीच कुजकी पाने पाणी गढूळ करू लागली, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला, पाणी निवळले. त्यांची अंडी माशांचे अन्न ठरली. (आजचे हौशी याच गोगलगायी वेचून फेकतात!)

वॅलिस्नेरियाचे भाईबंद महाराष्ट्रातील तळ्यांतही उगवतात. आपण त्यांना सरसकट शेवाळ म्हणतो. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ मध्ये, या प्रयोगाला शंभर वर्षे उलटल्यावर.