गच्चीवरचं विमान आणि तीन टोकांचं इंजिन

भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली की चौथं स्टेशन कांदिवली. तिथल्या चारकोपमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटं करून खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, तेव्हा सगळ्यांना ही गोष्ट कळली. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान उडालं. म्हणजे जगाने पाहिल्यानंतरही उडायला साडेचार वर्षं लागली!

आपण या साडेचार वर्षांवर सरकारी लाल फितीचं लेबल लावून मोकळे होतो. त्यात तथ्य नाही असं नाही. पण घरी बांधलेल्या विमानाबद्दल कुणीतरी 'कशावरून?' हा प्रश्न विचारायलाच हवा. रस्त्यात इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला घेता येते. आकाशात कड नसते. हा 'कशावरून' किती अवघड असतो हे समजून घ्यायचं तर एका वेगळ्याच इंजिनाचा इतिहास बघावा लागेल.

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलने ही वर-खाली धावपळच काढून टाकली. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण घ्यायचा आणि तो मधे किंचित आवळलेल्या लंबगोल पेटीत फिरवायचा. झडपा नाहीत, थरथर कमी, वजन कमी. एनएसयू कंपनीत १९५७ साली त्याचं पहिलं इंजिन चाललं. अमेरिकेतल्या हौशी विमान बांधणाऱ्यांना पुढे याची भुरळ पडली ती याच कारणांनी. माझदाच्या गाडीतलं इंजिन काढायचं, पंख्यासाठी वेग कमी करणारा गिअर लावायचा, आणि उंचीवरच्या विरळ हवेसाठी टर्बो बसवायचा. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा उरतो. टर्बो ती तूट भरून काढतो.

कागदावर सगळं छान. दुखणं त्रिकोणाच्या तीन टोकांवर होतं. प्रत्येक टोकावर एक पातळ पट्टी असते, ती भिंतीला घासत वायू अडवते. या पट्ट्या टिकेनात. भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उठत. जपानमध्ये माझदाच्या लोकांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नावच दिलं. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनिअर या एका रोगामागे लागले.

ओरखडे भिंतीवर, म्हणून संशय आधी भिंतीवर जाणार. पण गुन्हेगार होती पट्टी. ती स्वतःच्या ठरलेल्या लयीत थरथरत होती आणि भिंतीवर टकटक आपटत होती. तिच्यात आडवी-उभी पोकळी ठेवून ती लय बदलली, आणि ओरखडे गेले. विक्रीच्या गाडीत मग ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी आली. १९६७ साली माझदाची कॉस्मो बाजारात उतरली. त्याच वर्षी एनएसयूने आपली आरओ ८० काढली. तिच्या पट्ट्या ग्राहकांच्या हातात झिजू लागल्या, इंजिनं फुकट बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. कल्पना दोघांचीही तीच होती. एकाने रोग कारखान्यात शोधला, दुसऱ्याचा रोग रस्त्यावर सापडला.

विमानात हे आणखी कठीण. गाडीत टर्बोचा पूर्ण जोर काही सेकंद लागतो, विमानाला चढताना तो कित्येक मिनिटं सलग लागतो. रोटरीचा धूर आधीच फार गरम, त्यामुळे टर्बो भाजून निघतो. मिश्रण अवेळी भडकलं की टोकाची पट्टी तुटते, आणि तिचा तुकडा बाहेर पडताना टर्बोची पाती खाऊन जातो. बाहेरून लक्षण एकच: जोर कमी झाला. कारण मात्र इंधनाचा दाब असेल, ठिणगी असेल, नळीतली गळती असेल किंवा पट्टी असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, याला दुसरा मार्ग नाही.

त्यातली एक तपासणी मला फार आवडते. दाब मोजायचं यंत्र लावून इंजिन फिरवलं की त्रिकोणाच्या तीन बाजूंचे तीन ठोके मिळतात. दोन ठोके मंद पडले तर टोकाची पट्टी गेली समजा, कारण एक टोक दोन कप्प्यांच्या सीमेवर असतं. एकच मंद असेल तर संशय बाजूच्या पट्टीवर. इंजिन न उघडता, नुसतं नाडी बघून निदान. आपल्या जुन्या वैद्यांना आवडलं असतं हे.

हे इंजिन आपल्याकडेही झालंय, बरं का! 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी बंगळूरची एनएएल, अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) व्हीआरडीई आणि एडीई यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन बनवलं. मार्च २००९ मध्ये कोलारजवळ ते निशांतला घेऊन उडालं. आपल्यापैकी किती जणांनी ही बातमी ऐकली?

त्याउलट शिवकर बापूजी तळपदे सगळ्यांना माहीत. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांचं विमान उडालं असं आपण छातीठोकपणे सांगतो. तळपदे खरे होते, त्यांचा ध्यासही खरा होता. पण त्या उड्डाणाचा पुरावा म्हणावा अशी त्या काळातली नोंद नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो त्यातल्या रचना उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच तपासून दाखवलं. तरी दंतकथा जोरात, आणि नगरकरांचं इंजिन विस्मरणात. असं का व्हावं?

मला वाटतं, दंतकथेत बिघाड नसतो. तिथे पट्टी तुटत नाही, परवाना अडत नाही, कुणी 'कशावरून' विचारत नाही. खऱ्या यंत्राचा इतिहास म्हणजे बहुतांशी न चालल्याचा इतिहास. तो सांगायला कंटाळवाणा आणि ऐकायला रटाळ. पण धुळ्याला विमान उडालं ते त्या रटाळ भागाच्या जोरावर. तळपद्यांवर आपला खरा लोभ असेल तर त्यांनाही हाच मान द्यावा: त्यांनी काय करून पाहिलं आणि ते कुठे अडलं, हे विचारण्याचा.

भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांमधून पत्र्याचा आवाज दिवसभर येत असतो. तिथला कारागीर भांडं वाजवून सांगतो, कुठे चीर आहे ते. अभिमानाचंही भांडं अधूनमधून असं वाजवून बघायला हरकत नाही.